दहापैकी तीन

फोन वाजला तेव्हा ती एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होती. चष्म्याच्या दुकानामागची ती लांबुळकी, अंधारी खोली. एका टोकाला उजळलेली अक्षरं, दुसऱ्या टोकाला उंच खुर्ची, आणि खुर्चीत बसल्याबरोबर परीक्षेला बसल्यासारखे ताठ होणारे लोक. "हे बरं दिसतं, की हे?" तिने काच फिरवली. "दुसरं," ड्रायव्हर म्हणाला. "नाही, पहिलं. तुम्हीच सांगा ना, कुठलं म्हणायचं असतं?" तेवढ्यात तिच्या खिशात फोन थरथरला. ती एरवी तपासणीच्या वेळी फोन घेत नसे, पण नंबर हॉस्पिटलचा होता, आणि गेल्या दोन महिन्यांत तो नंबर दिसला की हात आपोआप पुढे जायचा. "नमस्कार, रुग्ण-समाधान विभागातून बोलतेय," पलीकडे एक मुलगी गोड, घाईच्या आवाजात म्हणाली. "ऑपरेशननंतर नर्सिंगची सेवा कशी वाटली, त्याबद्दल सात प्रश्न आहेत. दोनच मिनिटं घेईन. पेशंटशी बोलता येईल का?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ती झोपलीय." मुलगी म्हणाली, "असू दे, असू दे, उठवू नका. मी पाच वाजता करते." "करा," ती म्हणाली, फोन खिशात टाकला, आणि पुन्हा काच फिरवली. आईला जाऊन चोवीस दिवस झाले होते.

ड्रायव्हरला तिने काही कळू दिलं नाही. पण हात काम करत असताना डोकं त्या दोन शब्दांपाशीच घुटमळत राहिलं. खोटं बोलताना माणूस निदान अडखळतो, ती तर अडखळलीही नव्हती. कदाचित ते पूर्ण खोटं नव्हतंच म्हणून असेल. आई दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. पायाचा, ऑपरेशनचा काही संबंध नाही. त्रास झाला नसणार. भेटायला येणाऱ्यांनी ते उचलून धरलं. सोन्यासारखं मरण, कुणाला इतकं मिळतं, हातीपायी धड असताना गेली. तिलाही ते पटलं होतं. आईच्या जाण्याचं दुःख होतं, ते कुठेही ठेवलं तरी मावेल असं होतं, त्याची तिला भीती वाटत नव्हती. भीती होती ती हॉस्पिटलातल्या, ऑपरेशननंतरच्या सहा दिवसांची. ते दिवस कुणीही उचलून धरत नव्हतं, कारण ते कुणाला माहीतच नव्हते.

आई गणिताची बाई. चौतीस वर्षं एका शाळेत, आणि त्या शाळेत तिने कधी कुणाला दहापैकी दहा दिले नाहीत. "पूर्ण गुण दिले की पोर तिथेच बसकण मारतं," असं तिचं म्हणणं. सातवीत असताना आईच्याच वर्गात हिची दहाच्या दहा गणितं बरोबर आली होती, आणि हातात साडेनऊ पडले होते. घरी येऊन तिने विचारलं, अर्धा कुठे गेला? आई पोळ्या लाटत होती. वळलीसुद्धा नाही. "शेवटच्या उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्यास. एक पुरते." आईच्या आकड्यांमध्ये वरचे दोन-तीन आकडे, माळ्यावरच्या पातेल्यांसारखे, होते पण वापरात नव्हते. एकशे तीन ताप आला तर कणकण, दाढ उपटून आली तर जरा ठणकतंय. मुलांनी त्याची चेष्टा केलेली होती, मोठेपणी तर तोंडावर केलेली होती. दादा म्हणायचा, आई एक दिवस यमालाही काठावर पास करेल. आई म्हणायची, "तयारी करून आला असेल तर करेन." अशा बाईला, खुब्याचं हाड मोडल्यावर त्यात खिळा घालून, पलंगावर निजवलं होतं, आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नर्सने विचारलं होतं, "शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. किती दुखतंय, सांगा बघू?" आई म्हणाली, "तीन."

ती तिथेच होती. पिशवी खांद्याला लावून, निघायच्या बेतात, कारण दहाला दुकान उघडायचं होतं आणि किल्ली तिच्याकडे होती. तिला पलंगाच्या कडेच्या दांडीवरचा आईचा हात दिसत होता. बोटांची पेरं खडूसारखी पांढरी झाली होती. नर्सने तक्त्यात तीन लिहिलं. आणि ती गप्प राहिली. आईचा आकडा खोडायची त्या घरात कुणाला सवय नव्हती, हे एक. आईने तिच्याकडे एकदा बघितलं होतं, वर्गात कुजबुजणाऱ्या पोरीकडे बघावं तसं, हे दुसरं. आणि तिसरं, जे तिने स्वतःशीही नीट उच्चारलं नव्हतं: तीन म्हणजे बरं आहे, असं तिलाही त्या घडीला मानायचं होतं. दहाला दुकान उघडायचं होतं. दुकानात नवीन मुलगी कामाला लागली की ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची: उत्तर ऐकायचं, पण विश्वास कपाळावर ठेवायचा. माणूस म्हणतो स्पष्ट दिसतंय, आणि भुवया जवळ येतात, मान अर्धा इंच पुढे सरकते. लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना फक्त नापास व्हायचं नसतं. बाहेर बाकावर वाट बघताना खालची ओळ पाठ करून आलेले लोक तिने पाहिले होते. वीस वर्षं हे काम करून ती आईच्या पलंगाशी उभी राहिली आणि आकड्यावर विश्वास ठेवून निघून गेली.

तरीही ते विसरलं गेलं असतं. आई घरी आली, वॉकर ढकलत स्वयंपाकघरापर्यंत आणि मग दारापर्यंत जाऊ लागली; कण्हली नाही, पण ती कधीच कण्हत नसे. मग आई गेली आणि पाचव्या दिवशी हॉस्पिटलातून फाईलची पूर्ण प्रत आली. दादाने मागवली होती, ओळखीच्या डॉक्टरला दाखवतो म्हणाला होता. तो परतीच्या गाडीला निघाला होता, फाईल तिच्याकडेच राहिली. एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन तिने ती उघडली आणि नेमकं ते पान समोर आलं. चार-चार तासांचे चौकोन, आणि चौकोनांत ३, ३, २, ३, ३, २, ३. सहा दिवस. आईच्या तीनला तिच्याएवढं ओळखणारं जगात दादाखेरीज कुणी उरलं नव्हतं. तिने फाईल मिटली, कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली, वर चादरी ठेवल्या. पण आकडे चादरीखाली राहिले नाहीत. भांडी विसळताना, काचा पुसताना, रस्ता ओलांडायला थांबली असताना ते एकामागून एक यायचे आणि प्रत्येकाबरोबर तो दांडीवरचा हात यायचा. छत्तीस चौकोन होते, तिने मोजले होते. छत्तीस वेळा कुणीतरी विचारलं, छत्तीस वेळा आई तीन किंवा दोन म्हणाली, आणि त्या माणसाने मान डोलावून लिहून घेतलं. हे तिने दादाला सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं, तो आधीच म्हणत होता, मी नव्हतो, तू तरी होतीस.

आणि आता पाच वाजता ती मुलगी विचारणार होती, वेदना कमी करण्यासाठी जे केलं त्याबद्दल तुमचं समाधान किती. ड्रायव्हरला तिने नंबर लिहून दिला, दुकानातल्या मुलीला म्हणाली, "मी निघते, आज बंद तू कर." "बरं नाही का ताई?" "जरा काम आहे." बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हॉस्पिटलात का चाललो आहोत हे आपल्याला ठाऊक नाही. भांडायला? कुणाशी? नर्सने तेच केलं होतं जे तिला करायला सांगितलेलं होतं: विचारलं, ऐकलं, लिहिलं. खरं तर तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी तिला नीट सांगावं, सहा दिवस तुझ्या आईने दात आवळून काढले. ते एकदा ऐकून घेतलं की निदान चौकोन मोजणं थांबेल. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि तोच वास आला, जंतुनाशकाचा आणि त्याखाली उकळलेल्या भाजीचा, आणि पाय आपणहून उजवीकडे वळले. दुपारच्या भेटीची वेळ होती. आईच्या सात नंबरच्या पलंगावर एक तरुण बाई पाठमोरी झोपली होती, तिची सासू की आई शेजारी बसून सफरचंद कापत होती.

नर्स टेबलापाशी उभी होती. ठेंगणी, रुंद बांध्याची, छातीवर उलटं अडकवलेलं घड्याळ. इवल्या प्लास्टिकच्या कपांत गोळ्या टाकत होती आणि ओठ हलवत मोजत होती. मोजणं संपेपर्यंत तिने वर बघितलं नाही. मग बघितलं आणि चेहरा उजळला. "सातच्या ताई ना तुम्ही? बाई कशा आहेत? आल्या का काठीवर, की अजून वॉकरच?"

या वेळी मात्र जीभ घसरली नाही. "आई गेली, सिस्टर. चोवीस दिवस झाले. झोपेत. हृदय बंद पडलं."

नर्सने हातातला कप खाली ठेवला. मग टेबलामागचं स्टूल पायाने बाहेर ढकललं. "बसा." ती बसली. "पाय चालत होता?"

"चालत होता. दारापर्यंत जायची. शेवटच्या आठवड्यात एक जिना उतरली होती."

"स्वतःच्या पायावर?"

"हो. माझा हात झटकला."

"झटकणारच," नर्स म्हणाली, आणि नाक ओढून पुन्हा गोळ्यांकडे बघू लागली, पण मोजत नव्हती. "मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, आजी म्हणू नकोस, मी तुझी आजी नाही, बाई म्हण. मी म्हटलं, बाई, गणितात मी दोनदा नापास झालेय. तर म्हणाल्या, मग गोळ्या मोजताना ओठ हलवत जा, मनात मोजू नकोस. तेव्हापासून हलवते."

ती हसली असती, पण मनात साचलेलं आधी बोलून टाकायला हवं होतं. "सिस्टर, मी तिची फाईल बघितली. तुम्ही विचारायचात, किती दुखतंय. ती तीन म्हणायची."

"हो, तीन. लाडात आल्या तर दोन."

"ते खरे तीन नव्हते."

"माहितीये की," नर्स म्हणाली.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पलीकडे सफरचंदाच्या फोडी करणारी सुरी ताटलीवर टकटक वाजत होती. नर्स पुढे बोलत होती, अगदी साध्या आवाजात, बदली सुट्टीबद्दल बोलावं तशी. "पेशंट जो आकडा सांगेल तोच तक्त्यात लिहायचा, आमच्या मनाचा नाही. तो नियम आहे आणि बरोबर आहे, नाहीतर आम्ही सगळ्यांना शून्यच लिहू. पण औषध नुसतं आकड्यावर देत नाहीत ताई. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस बाई इथे होत्या ना, तुम्ही रोज पेपर आणून द्यायचात. लाल पेन घेऊन बसायच्या. कुठे टक्क्यांची बेरीज एकशे दोन होते, कुठे सरासरी चुकलीय, गोल करायच्या आणि मला दाखवायच्या. पाय वजनाला बांधलेला, तरी रोज दहा-बारा गोल. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी औषध द्यायला गेले, तर पेपर तसाच घडी घातलेला. पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं. मी विचारलं, किती दुखतंय? तीन. मी म्हटलं, बाई, आज पेपरात एकही चूक नाही?"

"मग?"

"मग काय, पकडल्या गेल्या. कॉपी सापडलेल्या पोरीसारखं बघितलं माझ्याकडे. नुसता हात पुढे केला. डॉक्टरांना सांगून मी इंजेक्शन दिलं. तासाभराने गेले, तर सात गोल. म्हणाल्या, तुझं उत्तर कसं आलं ते मला माहीत नाही, पण रीत बरोबर आहे." नर्सने पदराने नव्हे, मनगटाने डोळा पुसला. "त्या दिवशी पाळी बदलताना मी फाईलवर कागदाची पट्टी चिकटवली. बाई सांगतील त्यात चार मिळवावेत, आणि पेपर बघावा. मेट्रननी फाडायला लावली. म्हणाल्या, हे काय लिहिणं झालं? मग आम्ही तोंडीच सांगत राहिलो. संध्याकाळच्या मुली पेपर मागून घ्यायच्या, वाचायला म्हणून, आणि गोल मोजायच्या. बाईंना वाटायचं, पोरींना वाचनाची गोडी लागली."

तिच्या अंगातून काहीतरी हळूहळू खाली उतरत होतं, उन्हातून आल्यावर पायांवर पाणी घेतलं की डोक्यातला ताप उतरतो तसं. पण ती गणिताच्या बाईची मुलगी होती. तिला पूर्ण उत्तर हवं होतं. "खरं किती होतं, सिस्टर? मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"नाही सांगणार." नर्सने विचार केला. "पहिल्या दिवशी सात असतील, साडेसातही. त्या संध्याकाळी चार-पाच. चौथ्या दिवसापासून मला वाटतं खरोखरच तीन होते, पण आम्ही मिळवायचे ते मिळवलेच. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. हाडात खिळा होता. दुखलं. आणि त्या पहिल्या सकाळी नऊला विचारलं तेव्हा मीसुद्धा तीन लिहून पुढे गेले होते. मला दुपारी दोनला कळलं. नऊ ते दोन, पाच तास. ते चुकलेच."

"नऊ वाजता मी तिथे होते," ती म्हणाली. "दांडी धरलेला तिचा हात पांढरा पडला होता. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही."

नर्सने तिच्याकडे बघितलं. कपाळाकडे बघितलं, असं तिला वाटलं. ती नजर तिला ओळखीची होती. "तुम्ही सांगितलं असतं तर पाच तास वाचले असते. मी हाताकडे बघितलं असतं तरी वाचले असते. तुमचे अडीच, माझे अडीच," नर्स म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आणि थोडे बाईंचेही धरा. त्याही काही कमी नव्हत्या."

तेव्हा ती हसली. हसताना रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं, स्टुलावर बसून, गोळ्यांच्या कपांसमोर. सफरचंदवाल्या बाईने एकदा वळून बघितलं आणि भलेपणाने पुन्हा पाठ केली. पाच तास. तिने ते मनात धरून बघितले. नऊ ते दोन. दुकान उघडून, तीन गिऱ्हाइकं तपासून, डबा खाऊन होईपर्यंतची वेळ. लहान नव्हती. आयुष्यभर ती वेळ आपल्याबरोबर राहील हे तिला दिसत होतं, पण तिला सुरुवात होती आणि शेवट होता, आणि शेवटाला एक ठेंगणी बाई पेपराची घडी बघत उभी होती. सहा दिवसांचं जे पसरलेलं, कडा नसलेलं काहीतरी तिने इतके दिवस उरावर वाहिलं होतं, ते घडलंच नव्हतं. नर्सने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि छातीवरचं घड्याळ उचलून बघितलं. "तीन वाजताच्या गोळ्या राहिल्यात माझ्या. तुम्ही बसा निवांत." जाता जाता थांबून म्हणाली, "खाली समाधानवाल्यांचा फोन आला असेल ना तुम्हाला? माझं समाधान तिथे नेहमी कमी भरतं. लोक म्हणतात, ही विचारते आणि उत्तर ऐकून घेत नाही, टकामका बघत बसते."

तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, समाधान विभाग म्हणजे एक खिडकी नसलेली खोली आणि कानाला यंत्र लावलेली एक मुलगी होती. बावीस-तेवीसची असेल. फोनवरच्या आवाजावरून ती मोठी वाटली होती. "तुम्ही मला पाचला फोन करणार होतात," ती म्हणाली. "आई झोपलीय असं मी सांगितलं. ते खरं नव्हतं. ती गेली, गेल्या महिन्यात." मुलीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मला माहीत नव्हतं हो मावशी. यादीत नुसतं घरी सोडलं एवढंच येतं." "तुम्हाला कसं माहीत असणार? विचारा तुमचे प्रश्न, मी उत्तरं देते." मुलीने नको नको म्हटलं, पण ती खुर्ची ओढून बसली, तेव्हा मुलीने नाइलाजाने पडद्याकडे तोंड केलं. स्वच्छता, जेवण, वागणूक. चौथा प्रश्न वेदनांचा होता, पाचपैकी किती. "साडेचार," ती म्हणाली. मुलगी अडली. "अर्धा घेत नाही हे. चार किंवा पाच." तिने क्षणभर विचार केला. "पाच लिहा. पण शेरा लिहायची जागा आहे का? तिथे लिहा, पहिल्या सकाळचे पाच तास सोडून. आणि लिहा, तिसऱ्या मजल्यावरच्या दिवसपाळीच्या सिस्टर नुसत्या विचारत नाहीत, बघतात." मुलीने एकेक शब्द पुन्हा विचारून लिहिला.

बाहेर आली तेव्हा तिला सपाटून भूक लागली होती. कितीतरी दिवसांत अशी लागली नव्हती. वेळ झाली म्हणून ती जेवत होती. फाटकाशेजारच्या दुकानात तिने एक मोठा पाव घेतला, बाकावर बसून तसाच तोडून खाल्ला, बोटं झटकली, आणि दादाला फोन लावला. तो कामात असणार हे माहीत होतं.

"काय गं, या वेळी? सगळं ठीक?"

"ठीक. मी हॉस्पिटलात आले होते. दादा, आईला ते औषध देत होते. नर्सला कळलं होतं तिचं तीन म्हणजे काय ते. त्यात चार मिळवून औषध देत होते सगळे."

तिला वाटलं, त्याला संदर्भच लागला नाही. आता पहिल्यापासून, तक्त्यापासून समजावावं लागेल. "दादा?"

"ऐकतोय." त्याचा आवाज भलताच बारीक झाला होता. मग खुर्ची सरकल्याचा, दार लागल्याचा आवाज आला. "ती फाईल मी कशाला मागवली होती, असं तुला वाटतं?"

"डॉक्टरला दाखवायला."

"कुठला डॉक्टर? मला ते एक पान बघायचं होतं. मग म्हटलं, ते तुझ्यासमोर नको. तू तिथे रोज जात होतीस, तुला जास्त लागलं असतं. निघताना घ्यायची हिंमत झाली नाही." तो थांबला. "तू बघितलंस वाटतं."

"बघितलं."

"सगळे तीनच होते?"

"तीन आणि दोन."

"दोनसुद्धा," दादा म्हणाला, आणि तो हसतोय की काय हे कळायच्या आत तिला त्याचा श्वास ऐकू आला, लहानपणी सायकलवरून पडल्यावर घरी येईपर्यंत कोंडून ठेवायचा आणि दारात सोडायचा तो. तिने त्याला वेळ दिला. रस्त्यावरून माणसं जात होती, कुणी औषधांच्या पिशव्या घेऊन, कुणी रिकाम्या हाताने. "चारच मिळवायचे?" तो अखेर म्हणाला. "मी पाच मिळवले असते."

"तुला गणित कधी येत होतं?"

"बरं, आता नीट सांग. एकही गोष्ट गाळू नकोस. मी बाहेर येऊन बसलोय."

तिने मांडीवरचे पावाचे कण झाडले आणि सुरुवात केली. नर्सपासून नाही, पेपरापासून नाही. सकाळी नऊपासून सुरुवात केली, जेव्हा आई तीन म्हणाली आणि ती स्वतः पिशवी खांद्याला लावून, सगळं दिसत असून, गप्प उभी होती.